सात पानांखालचा केस

हजेरीच्या यंत्राने तिसऱ्यांदा नकार दिला, तेव्हा एकटोचीने त्याला अशी काही शिवी हासडली की मागे उभा असलेला लॅबचा ड्रायव्हर दोन पावलं मागेच सरकला.

"पुन्हा प्रयत्न करा," यंत्र म्हणालं. कुठल्याशा गोड गळ्याच्या बाईचा आवाज भरलाय त्यात. त्या गोडव्यानेच तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बोट पुसून बघा ना, मावशी," ड्रायव्हर म्हणाला.

"पुसलंय. धुतलंय. आता उकळून आणू?"

शेवटी तिने डाव्या हाताचा अंगठा टेकवला. त्याला मात्र यंत्राने लगेच धन्यवाद दिले. ती तरातरा आत गेली, पिशवी खुंटीला अडकवली आणि खिडकीपाशी जाऊन उजव्या हाताची तर्जनी उजेडात धरली. पेरावरच्या रेषा पार झिजलेल्या, कातडी कोरडी, चकचकीत. अठ्ठावन्न वर्षांच्या बोटाचं आणखी काय होणार म्हणा! पण हे बोट साधंसुधं नव्हतं.

एकटोची म्हणजे या लॅबमधली रक्त काढणारी बाई. एका टोच्यात काम फत्ते, दुसऱ्यांदा सुई लावायची वेळच नाही, म्हणून एकटोची. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी ठेवलेलं नाव, पण असं चिकटलं की फोन यायचे तेही "एकटोची आहे का आज? मग येतो," असे. भोकाड पसरणारी पोरं, सुई बघूनच घेरी येणारे धिप्पाड गडी, शिरा आत दडून बसलेल्या जाड बायका, सगळे हिच्याच वाट्याला. ती आधी डोळे मिटायची, मग उघड्या तर्जनीने कोपराची खळगी हळूच चाचपायची. शीर बोटाखाली किंचित उसळली की हातमोजा चढवायचा आणि सुई आत. पेशंट "लागेल का हो?" म्हणेपर्यंत कापूस लावून मोकळी. त्याचा तिला गर्व होता, आणि का नसावा? लोकांना कशाकशाचा गर्व असतो!

या लॅबमध्ये एक जुनी परीक्षा होती. लॅब सुरू करणाऱ्या थोरल्या डॉक्टरांनी ती घातली. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या पातळ पानाखाली डोक्याचा एक केस ठेवायचा आणि नव्या माणसाने डोळे मिटून तो बोटाने शोधायचा. सापडला की वर आणखी एक पान. तीन पानांखालचा केस लागल्याशिवाय कुणाच्या हातात सुई द्यायची नाही, असा नियम. एकटोचीने पहिल्याच महिन्यात सात पानं केली होती. थोरले डॉक्टर आठवं पान ठेवून म्हणाले होते, "आता मात्र केसालाच ओरडायला सांगावं लागेल." डॉक्टर गेले, फोनही गेले, पण डिरेक्टरी लॅबच्या खणात राहिली. आता परीक्षा घ्यायचं काम एकटोचीकडे होतं.

शेवटची परीक्षा दिली ती गोगलगायीने. हेही एकटोचीनेच ठेवलेलं नाव. पंचविशीतली, शांत, प्रत्येक गोष्ट सावकाश करणारी मुलगी. दंडाला रबरी पट्टा बांधायलाच इतका वेळ लावायची की एकटोचीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या मुलीने दीड महिन्यात पाच पानं केली. एकटोची म्हणाली, "बरं आहे." तिच्याकडून एवढं ऐकायलाही माणसं वर्षं काढत.

तर सांगायची गोष्ट अशी की गेल्या महिन्याभरात ही एकटोची तीनदा चुकली.

पहिल्यांदा तिने सुयांच्या नव्या खोक्याला दोष दिला. दुसऱ्यांदा थंडीला. "शीर पळाली हो तुमची," असं पेशंटलाच दटावून तिने दुसरा हात मागितला, आणि तो बिचारा आपलीच चूक असल्यासारखा ओशाळला. पण तिसऱ्यांदा चुकली ती हेडबाईंकडे, आणि तिथे कुणाला दोष द्यायची सोय नव्हती.

हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. एकट्या राहतात, दोन जिने वर. बारा वर्षांपासून रक्ताचा आजार. आधी महिन्यातून एकदा तपासणी असायची, आता दर गुरुवारी. एवढ्या सुया खाऊन त्यांच्या दोन्ही दंडांतल्या शिरा दोरीसारख्या कडक झालेल्या. मनगटाच्या गेल्या, उजव्या हाताच्या गेल्या. उरली होती एकच, डाव्या हाताच्या पाठीवर, करंगळीच्या मुळाशी. तीही गेली की हॉस्पिटलात दाखल होऊन मानेत नळी बसवायची, असं त्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. हेडबाईंना मरणाची नव्हती एवढी त्या नळीची भीती. म्हणून त्या हाताला एकटोचीशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता.

आणि गेल्या गुरुवारी एकटोची त्याच शिरेवर चुकली. दुसऱ्या टोच्याला रक्त आलं, पण शिरेभोवती निळा डाग उठला. हेडबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण एरवी त्या दोघी कडाकडा भांडायच्या. खिडकी उघडी का, औषध का चुकवलं, पेपरात काय छापून आलंय, कशावरूनही. त्या दिवशी हेडबाईंनी नुसता आपल्या हाताने कापूस दाबून धरला.

तेव्हापासून जीव काही थाऱ्यावर नव्हता. तशी ती जन्माचीच अस्वस्थ. पायाला भिंगरी, बसून चहा प्यायलेली कुणी बघितलीच नाही. पण आता हात सुद्धा एका जागी ठरेनात. येता-जाता जे दिसेल त्यावर बोट फिरवून बघायची. टेबलाची कड, साडीची शिवण, बसच्या तिकिटाचा खरखरीतपणा. लागतंय का? लागतंय. मग दोन मिनिटांनी पुन्हा.

मंगळवारी तिने डिरेक्टरी पिशवीत घालून घरी आणली.

घरी नवरा आरामखुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होता. हा गृहस्थ निवृत्त झाल्यापासून दोन्ही गुडघ्यांना पट्टे लावून, कानात यंत्र घालून अगदी मजेत म्हातारा झाला होता. नको ते ऐकू आलं की यंत्र बंद करायचा.

"अहो, जरा मदत करा."

"हात हवाय? घे." त्याने सवयीने बाही वर केली. गेले चार दिवस ती येता-जाता त्याच्या दंडावरच्या शिरा चाचपत होती. "माझ्या हाताचं मैदान केलंयस तू. कुणीही यावं, खेळून जावं."

"हात नको. पानाखाली केस ठेवा."

"माझ्याकडे केस मागतेस?" त्याने तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "एवढा चेष्टेचा विषय झालो का मी?"

तिने आपलाच एक केस उपटून दिला. पांढरा. काळे आता शोधून काढावे लागत. डोळे मिटून बसली. एक पान, सापडला. दोन, सापडला. तीन पानांना वेळ लागला, पण सापडला. चौथ्याला ती बोट फिरवत राहिली. फिरवत राहिली. कपाळावर घाम आला. आणि मग एकदम लागला! बारीक, तिरका, पानाच्या मधोमध. "हा बघा, इथे!"

"बरोबर," नवरा म्हणाला. "शाब्बास."

तिने डोळे उघडले. नवरा हसत होता, पण जरा जास्तच. पानं उलटताना केस कधीच निसटला होता, आणि तो त्याच्या गडद निळ्या बाहीवर पांढरा स्वच्छ दिसत होता. तिने पानं उचलून बघितली. खाली काहीच नव्हतं.

"तुम्हाला दिसला होता," ती म्हणाली.

"अगं, मला वाटलं..."

"काय वाटलं? लहान पोर आहे मी? शाब्बास म्हणे!"

त्याने कानाकडे हात नेला. "यंत्र बंद केलंत तर बघा!" ती कडाडली. हात तसाच खाली आला. मग तो हळूच म्हणाला, "तुझं तोंड बघवेना, म्हणून म्हणालो."

तिला रडू फुटायचं ते रागातच बाहेर पडलं. तिने सगळी भांडी पुन्हा घासून काढली. न लागणं एक वेळ परवडलं. लागलं नाही तर माणूस थांबतो, दुसरी जागा बघतो. पण नसलेला केस तिला लागला होता. उद्या नसलेली शीर लागली तर? आणि ती हेडबाईंच्या हातावर लागली तर? दोन रात्री तिने कूस बदलण्यात काढल्या.

गुरुवारी सकाळी लॅबमध्ये पोचल्या पोचल्या ती गोगलगायीला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. बॅग धरायला."

"बॅग तर छोटीच आहे, मावशी."

"तोंड मोठं आहे तुझं. चल."

वाटेत तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की सुई आपणच लावायची, मुलगी नुसती उभी राहील. पहिल्या जिन्यावर गुडघा कुरकुरला तेव्हा ठरवलं की मुलीलाच लावू द्यायची. दुसऱ्या जिन्यावर पुन्हा उलट. दार वाजवलं तेव्हा नक्की काय ठरलंय हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

हेडबाईंनी दार उघडलं आणि गोगलगायीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही कोण?"

"बॅग धरायला आणलीय."

"हं." हेडबाई खुर्चीत बसल्या, डावा हात उशीवर ठेवला. "बस की तू पण."

"मी कधी बसलेय?" एकटोची म्हणाली. बारा वर्षांत ती त्या घरात एकदाही बसली नव्हती. तिने हात हातात घेतला. "गरम लागतोय हात. ताप आहे का?"

"उन्हात बसले होते. तू तुझं काम कर."

तिने पट्टा बांधला. डोळे मिटले. तर्जनी करंगळीच्या मुळाशी ठेवली आणि हलकेच दाबली. काही नाही. जरा वर सरकवली. काही नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, हेडबाईंचा श्वास ऐकू येत होता, बोटाला मात्र नुसतं मऊ मऊ कातडं. आणि मग लागलं. बारीक, तिरकं. अगदी परवासारखं.

"सापडली?" हेडबाईंनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. तीस वर्षं ती हो म्हणत आली होती. दुसऱ्या हाताने तिने हातमोजा उचललाही. मग तो खाली ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "मला लागत नाहीये. काहीतरी लागतंय, पण ते खरं आहे का, मला सांगता येत नाही." आणि मागे न बघताच म्हणाली, "ये गं. तू बघ."

ती बाजूला झाली. गोगलगाय पुढे आली, सावकाश बसली, सावकाश बोट ठेवलं, आणि भोळेपणाने बोलून गेली, "अय्या, किती छान वर आलीय! नुसती दिसतेय सुद्धा."

एकटोचीने चष्मा सारखा करून वाकून बघितलं. खरंच दिसत होती. टम्म, निळी, निळ्या डागाच्या बोटभर अलीकडे. एरवी ही शीर अशी कधीच वर यायची नाही. गोगलगायीने सुई लावली. एका टोच्यात नळी भरत आली. हेडबाईंनी पापणी सुद्धा हलवली नाही.

"तुम्ही काय केलंत?" एकटोचीने विचारलं.

"काय करणार?"

"ही शीर आपली आपण वर यायची नाही. हात गरम. काय केलंत ते सांगा."

हेडबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पहाटेपासून पाच ग्लास पाणी प्यायले. गरम पाण्याच्या बादलीत हात धरून अर्धा तास बसले. म्हटलं, तुला सोपं जावं."

एकटोचीचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे तुम्हाला गेल्या गुरुवारीच कळलं होतं?"

"त्याच्या आधीच. तू दाबतेस जास्त हल्ली."

"आणि तरी हात पुढे केलात? एकच शीर उरलीय तुमची! मी ती घालवली असती तर? मानेत नळी घालून घेतली असतीत? जो तो मला सांभाळायला निघालाय! मी काय काचेची बाहुली आहे?"

गोगलगाय कापूस दाबून धरत दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

"ओरडू नकोस," हेडबाई म्हणाल्या. "बारा वर्षं तू माझा हात जपलास. एक दिवस मी तुझं बोट जपलं, तर एवढा कांगावा कशाला?"

एकटोचीने चष्मा काढून पदराने पुसला. डोळे भरून आले होते, आणि आता हे रागाने नव्हे हे तिचं तिला पक्कं कळत होतं. हेडबाईंनी मोकळा उजवा हात पुढे करून तिची तर्जनी धरली, शाळेत पोराचं बोट धरतात तशी.

"सुई पुढच्या वेळी ही लावेल," त्या म्हणाल्या. "पण तू यायचंस. हिला भांडता येईल असं काही दिसत नाही."

"मावशी," गोगलगाय हळूच म्हणाली, "अकराला पुढच्या पेशंटकडे जायचंय."

"तू जा," एकटोची म्हणाली. "पट्टा नीट बांध. आणि घाई करू नकोस."

गोगलगाय चकित होऊन बघत राहिली, मग बॅग उचलून गेली. एकटोचीने कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि हेडबाईंच्या समोर बसली. बोट तिने सोडवून घेतलं नाही.