चंद्र उगवल्याचं सांगायचं काम

मी देव मानत नाही, हे सासूबाईंना मी लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. त्या मूळच्या सटाण्याच्या, बोलणं रोखठोक. "मग तुला धाक कोणाचा?" त्यांनी विचारलं. "माझा मलाच," मी म्हणाले. त्यांनी नाक मुरडलं, पण लग्न झालं.

त्यांची संकष्टी कडक. सकाळच्या चहानंतर चंद्रोदयापर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायच्या नाहीत. पुढे साखरेच्या आजाराने नजर गेली, डॉक्टर रागावले, तरी उपास सुटला नाही. मग गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतून चंद्र बघायचं काम नवऱ्याकडे आलं. रोज देवाला फुलं वाहणारा हा माणूस आईच्या काळजीपोटी साडेसातलाच सांगायचा, "उगवला." सासूबाई भाबडेपणाने हात जोडायच्या आणि जेवायला बसायच्या.

माझा संताप व्हायचा. "तुला काय फरक पडतो? तू कुठे मानतेस?" तो म्हणायचा. मला फरक पडत होता. तो चुकला तर देवापुढे कान धरून मोकळा होत असे. मला ती सोय नव्हती.

एका संकष्टीला त्या जेवून हात धूत होत्या आणि समोरच्या देवळात चंद्रोदयाची आरती सुरू झाली. त्यांनी सगळी आरती उभ्यानेच ऐकली.

पुढच्या महिन्यात त्यांनी मला हाक मारली. "आजपासून चंद्र तू बघायचा. तू देवाला मानत नाय, पण खोटं बोलत नाय."

नेमका त्या दिवशी चंद्रोदय दहाच्या सुमारास होता. आठ वाजताच त्यांचे हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला. मशीन लावून पाहिलं तर साखर धोक्याइतकी खाली. नवरा त्यांच्या खुर्चीमागून मला खुणा करत होता, सांग उगवला म्हणून.

"उगवला का गं?" त्यांनी विचारलं.

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. मी घाबरले होते. त्या हट्टाला पेटल्या तर काय, हे मला पुरतं कळत होतं.

"नाही आई. अजून दोन तास आहेत. पण तुमची साखर फार उतरलीय. तुम्ही आत्ता खाल्लं नाही, तर शुद्ध जाईल."

त्यांनी चाचपत माझं मनगट धरलं.

"साखर आण," त्या म्हणाल्या. "देवाला काय सांगायचं ते मी सांगते."