आबांच्या डाव्या हाताची आवणी

माझे सासरे, आबा, डावखुरे होते आणि लकवा झाला तोही डाव्या अंगाला. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "नशीब समजा, उजवा हात वाचला." आबा भडकायचे. "काय चाटायचाय तो उजवा? सूनबाई, याला सांग, मी विळा कुठल्या हातानं धरायचो!" मला पाहुण्यांसमोर बोलायला नको वाटतं. हे माहीत असूनही सगळं त्यांना माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं असे.

बेलवलीत जिथे शेत होतं तिथे आता आमची बिल्डिंग आहे, पण आबांचं बोलणं शेतातलंच राहिलं. एकदा ह्यांनी मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. लकव्याने मेंदूचा जो भाग मरतो, तिथे मूळपेशींचं रोपण करून बघताहेत, उंदरांना फरक पडलाय. आबांनी 'रोपण' तेवढं उचललं. "म्हणजे आवणीच की! भाताची रोपं लावतात तशी." त्या दिवसापासून व्यायाम बंद. मी त्यांची मूठ उघडायला बसले की म्हणायचे, "राहू दे. आता रोपच लावायचंय."

उल्हासनगरच्या डॉक्टरांकडे गेलो. आबांनी मला कोपराने ढोसलं, "विचार की!" विचारलं. डॉक्टर म्हणाले, "माणसांवर अजून तपासून बघताहेत. किती उपयोग होईल, नक्की नाही. कोणी आत्ताच करून देतो म्हणालं तर जाऊ नका. आणि पुढे कधी ते झालं, तरी व्यायाम सुटणार नाही."

आबा म्हणाले, "जन्मभर शेतातले उंदीर मारले, आन आता त्यांचा नंबर आधी?"

डॉक्टर हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावरही हट्ट तोच. मूठ इतकी आवळत गेली की नखं तळव्यात रुतायला लागली. हात कायमचा जाणार, हे मला दिसत होतं. त्यांना दिसत होतं फक्त रोप. शेवटी एका सकाळी माझा ताबा सुटला. "आबा, चिखल केल्याशिवाय आवणी केलीत कधी? उद्या रोप आलंच, तर या दगडात लावणार?" मी एवढ्या जोरात बोलले की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "तोंड हाय म्हणायचं तुला!" मग उजव्या हाताने डावा उचलून त्यांनी माझ्यासमोर उशीवर ठेवला.

म्हणून काही शहाणे झाले नाहीत. रोज ओरडायचे, "हात हाय तो, ओला टॉवेल नाय पिळायला!" मी पिळतच राहिले. दिवाळीच्या सुमारास त्यांनी डाव्या हाताने भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत नेला. अर्धा मी नुकत्याच पुसलेल्या लादीवर पडला. पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला सांगून झालं, "माझं रोपण झालं! सुनेनं केली आवणी!" मी नाही नाही म्हणत होते, पण त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा.

पुढच्या वर्षी दुसरा झटका आला आणि आबा गेले. त्यांनी पसरवलेली बातमी मात्र अजून फिरतेय. कुळगावहून, मांजर्लीहून माणसं येतात. "ते मेंदूचं रोपण तुम्हीच करता ना?" लाजेने माझा जीव जातो. असलं काही नाही, डॉक्टरांकडे जा, व्यायाम विचारून घ्या, असं सांगते. ते हलत नाहीत. मग मी एवढंच विचारते, "घरी रोज हात धरून बसणारं कोण आहे?"

बहुतेक वेळा मागे उभी असलेली सून खाली बघते.