ताईच्या मशीनचं माप

त्याला सगळे स्क्रू म्हणत. खिशात हात घातला की रुमालाआधी स्क्रू निघायचा, म्हणून. बसस्टँडमागच्या एका खोलीत तो कॉम्प्युटर दुरुस्त करी. गिऱ्हाइकांच्या मशीनवर तयार ऑपरेटिंग सिस्टिम टाकी. स्वतःच्या मशीनवर मात्र कधीच नाही. सिस्टिमचा मूळ कोड आणायचा आणि कंपायलरकडून तो आपल्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवून घ्यायचा, हा त्याचा नाद. कंपायलरला तो एक ओळ लिहून देई: समोरच्या प्रोसेसरला जे जे येतं, ते सगळं वापर. मग पंखा घोंघावत राही, खोली तापे, आणि तो समोर मांडी घालून बसे, पिकाला पाणी देणाऱ्यासारखा शांत.

“दिवसभर तापवलंत, वाचवलेत किती? दोन सेकंद,” बायको म्हणे.

“दोन का असेनात, माझे आहेत.”

त्याची थोरली बहीण शिवणकाम करी. तिच्या भरतकामाच्या यंत्राला नक्षी पुरवणारा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता, रडतखडत चाले. स्क्रूने ठरवलं, ताईला आपल्यासारखीच सिस्टिम द्यायची. तिच्या मशीनवर बांधायला चार दिवस लागले असते, म्हणून त्याने ती आपल्या नव्या मशीनवर बांधली. ती ओळ सवयीने तशीच राहिली. रविवारी त्याने ताईकडची जुनी सिस्टिम पुसली आणि नवी चढवली.

सोमवारी नर्सच्या छत्तीस एप्रनवर नावं भरायची होती. संध्याकाळी सहाला दवाखान्याचा माणूस येणार होता. दवाखान्याचं हे पहिलंच काम. हे चुकलं असतं तर दुसरं मिळणार नव्हतं.

सकाळी पडदा झटकन उजळला. ताई खूश झाली, स्क्रूची मान ताठ झाली. तिने भरतकामाचा प्रोग्राम उघडला, तर तो पापणी लवते न लवते तोच मिटला. खाली दोनच शब्द उरले: अवैध सूचना.

नव्या प्रोसेसरला येणाऱ्या काही सूचना या जुन्याने जन्मात ऐकल्या नव्हत्या. ‘इथेच पुन्हा बांधू’ म्हणून त्याने कंपायलर चालवला. तोही कोसळला. तोही त्याच ओळीने बांधलेला होता.

“काय झालं रे?”

“ताई, ते माझ्या प्रोसेसरच्या हिशोबानं बांधलं गेलं.”

“म्हणजे माप तुझं घेतलंस आणि झंपर मला शिवलंस?”

“घरी नेतो. उद्यापर्यंत...”

“उद्या कशाला? गिऱ्हाइकांना टाकतोस ती टाक.”

“ती? ती काय, कुठल्याही मशीनला चालते!”

“मग मला तीच हवी. घड्याळ बघ जरा.”

तो दुकानात जाऊन पेनड्राइव्ह घेऊन आला. नक्षींची डिस्क वेगळी होती, म्हणून त्या वाचल्या. साडेअकराला सुई चालू झाली. दिवसभर तो शेजारी बसून सुटे दोरे कापत राहिला. पावणेसहाला छत्तिसावा एप्रन घडी होऊन वर बसला.

माणूस गठ्ठा घेऊन गेल्यावर ताईने मापांची वही काढली, कोरं पान उघडलं आणि कानावरची पेन्सिल हातात घेतली.

“पुढच्या वेळी तुझा नाद आवरणार नाहीच. सांग, माझ्या प्रोसेसरचं नाव काय?”

स्क्रूने झाकण उघडलं, प्रोसेसरवरचा पंखा काढला, टॉर्च मारला आणि एकेक अक्षर सावकाश वाचून दाखवलं.