दारांचं पुस्तक

आमच्या वाचनालयात छायाचित्रांची पुस्तकं जड म्हणून सगळ्यात खालच्या फळीवर ठेवतात. कुणी फक्त विहिरी टिपलेल्या, कुणी पक्षी, कुणी नुसते म्हाताऱ्या माणसांचे हात. माझं लाडकं पुस्तक जुन्या दारांचं. काल ते चाळत होतो, तर फरशी पुसणाऱ्या सुमनमावशी पदराला हात पुसत जवळ आल्या.

"रंग बघा मावशी, कसा सुरेख उडालाय!"

"कडी बाहेरून लावलीय," त्या म्हणाल्या. "घरात कुणी नाही."

मी पान उलटलं. पुढच्या दारालाही कडी बाहेरूनच. इतकी वर्षं मी ऊन आणि रंग बघून माना डोलावत होतो; दारामागच्या माणसांची आठवण एकदाही झाली नव्हती.

माझा चेहरा पाहून मावशी हसल्या. "कामाला गेली असतील. दिवेलागणीला येतील."