पाण्याचा नियम

जव्हार संस्थानच्या शाळेत मी एकोणतीस वर्षे मास्तर होतो. मुले बहुतेक गावातली. पाच-सात आसपासच्या पाड्यांवरून येत. त्यांची घरची बोली निराळी, पुस्तकातली मराठी त्यांना परकी. ती त्यांच्या तोंडी बसावी म्हणून मी एक नियम केला होता. शाळेच्या पडवीत माठ असे. ज्याला तहान लागेल त्याने उभे राहून "गुरुजी, मी पाणी पिऊन येऊ का?" एवढे वाक्य स्वच्छ म्हणायचे, मग शिपाई त्याच्या ओंजळीत पाणी घाली. उच्चार चुकला तर खाली बसायचे. चैत्र-वैशाखात पाड्यावरचे पोर हे वाक्य आठ दिवसांत शिके. तपासणीला आलेल्या शाळाखात्याच्या दिपोटी साहेबांनी या युक्तीची तारीफ केली होती. मलाही तिचा अभिमान होता. पुढचे कळावे म्हणून हे आधी सांगितले.

आमची मुलगी लग्नानंतर सात वर्षांनी झाली. ती एकच. चालणे, खाणे, समज, सर्व वेळच्या वेळी झाले. फुंकणी आण म्हटले की फुंकणीच आणी, चिमटा आणीत नसे. मात्र अडीच वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून "आ" आणि "ऊ" यांपलीकडे काही निघेना. प्रयत्न करीत नव्हती असे नाही. बोलायचे असले की ओठ मिटत, उघडत, जीभ पुढे येई, हनुवटी थरथरे. अंधारात दाराची कडी चाचपडणाऱ्या हातासारखे तिचे तोंड चाचपडत राही. कधी कडी सापडेही. एखादा शब्द अवचित स्पष्ट येई, आणि मग कितीही सांगितले तरी तोच शब्द पुन्हा येत नसे. मांजराला सोमवारी "माऊ" म्हणाली, मंगळवारी "आबू", बुधवारी नुसतेच तोंड हलले.

शेजारच्या वृद्ध बाई म्हणत, "अहो मास्तर, घरातलं सगळं बोलणं तुम्हीच संपवता. पोरीला काय शिल्लक ठेवलंत?" लोक हसत. मीही एकदा हसलो होतो.

उपाय केले. मधात उगाळलेले वेखंड महिनाभर जिभेला लावले. कोणी सांगितले म्हणून पोपटाने उष्टावलेला पेरू चारला; यावर माझा विश्वास नव्हता, पण पत्नीला अडवले नाही. पुढे एका वैद्याने जिभेखालची तार आखूड असल्याचे निदान केले आणि ती कापली. डोके मी धरले होते. रक्त पुष्कळ गेले. शब्द आला नाही.

घरी पाणी भरण्यासाठी डोंगराकडची एक विधवा येई. ती मूळची मोखाड्यापलीकडची. लेकीच्या घरी म्हणून जव्हारला राहिली होती. रोज सकाळी विहिरीवरून चार हंडे आणी, आणि मग मुलीशी तासभर बसे. त्या दोघींचे हातांनी काही चाले. बोटे, गाल, कपाळ, भुवया यांच्या खुणा होत, आणि मुलगी खदखदून हसे. ती मला, शाळेच्या मास्तराला, एकेरीतच हाक मारी. त्या लोकांत लहानथोर सर्वांना तशीच हाक असते.

"मास्तर, तुझं पोर मुकं नाय. लई बोलतं ते."

"मला तर ऐकू येत नाही."

"तुला नाय येत, त्याला पोर काय करंल?"

तिच्या या खुणांमुळेच मुलीला बोलण्याची गरज उरत नाही, असे माझे मत बनू लागले होते.

मुलीची एक खोड मला खटके. संध्याकाळी मी शाळेतून परत येई तेव्हा ती दारात उभी असे. मला पाहताच उजव्या हाताची दोन बोटे डाव्या तळव्यावर पट्‌पट् मारी आणि माझ्या तोंडाकडे पाही. मी छडी तशी तळव्यावर आपटीत चालत असे, ही माझी सवय होती. पोर माझी नक्कल करते असे मला वाटे. वडिलांची नक्कल करू नये हे तिला समजावे म्हणून एके दिवशी त्या दोन बोटांवर मी छडी मारली. हलकेच मारली, पण मारली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच केले.

फाल्गुनाच्या अखेरीस पत्नी तिला विहिरीवर घेऊन गेली होती. मीही शाळेतून येताना तेथे थांबलो. पोहरा वर आला, काठावर पाणी हिंदकळले, आणि मुलगी म्हणाली, "पाणी." अगदी स्वच्छ, णकारासह. विहिरीवरच्या बायकांनीही ऐकले. पत्नी पोहरा टाकून तिथेच बसली. मुलगी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत राहिली. आपण काय केले हे तिला कळले नसावे.

त्या दिवशी माझा निश्चय झाला. जे एकदा आले ते पुन्हा येते, यावर मास्तरकीचा सगळा कारभार चालतो. ज्याने कालचा पाढा काल म्हटला तो आज म्हणत नसेल, तर तो आळस असतो किंवा हट्ट. मुलीला शब्द येत होता हे सिद्ध झाले होते. राहता राहिला हट्ट, आणि हट्टावर माझ्याजवळ खात्रीचा उपाय होता.

दुसऱ्या दिवसापासून घरात शाळेचा नियम लागू केला. शब्द म्हटल्याशिवाय तिला पाणी द्यायचे नाही. वाक्य नको होते, एक शब्द पुरे होता. दूध आणि ताक यांना मनाई नव्हती. मी काही राक्षस नाही, असे मी पत्नीला म्हणालो.

पहिल्या दिवशी मुलीने माठाकडे बोट केले.

"म्हण, पाणी."

तिने तोंड उघडले. ओठ जुळले, सुटले. "आ." पुन्हा जुळले. "ऊ."

"विहिरीवर म्हटलेस ना? तसे म्हण."

कपाळावर घाम येईपर्यंत तिने प्रयत्न केला. तरी ती रडली नाही. माझ्याकडे पाहून खाली बसली. नियमाप्रमाणे चुकलेल्याने खाली बसायचे असते, पण हे मी तिला सांगितलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माठाच्या ओल्या अंगाला गाल लावून बसलेली मला दिसली. तिसऱ्या दिवशी मी अवेळी घरी आलो. परसात ती डोंगराकडची बाई उकिडवी बसली होती आणि मुलगी तिच्या ओंजळीतून पाणी पीत होती.

"हे काय चालले आहे?"

"पाणी पितंय पोर."

"कोणाला विचारून?"

"तहानेला विचारून."

"शब्द म्हटल्याखेरीज पाणी नाही, हे तुला बजावले होते."

"मास्तर, गाय हंबरली तं तिला आधी पाढा म्हणाया लावशील का?"

दाराआड पत्नीला हसू फुटले. तिने लगेच पदर तोंडाशी नेला, पण मी ते ऐकले होते. त्या हसण्याचा राग मी बाईवर काढला. उद्यापासून येऊ नकोस, असे सांगितले. तिने राहिलेले दोन हंडे भरून जागेवर ठेवले, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. लेकीकडेही ती राहिली नाही. भावाच्या पाड्यावर परत गेली, असे मागाहून कळले.

त्यानंतर घरात नियम पाळला जाईनासा झाला. पत्नी माझ्या पाठीमागे पाणी देई आणि मी न पाहिल्यासारखे करी. मुलगी माझ्यापाशी पाणी मागत नसे. संध्याकाळी दारातही उभी राहीनाशी झाली. खोड मोडली, असे मी समजलो.

आषाढात तिला ताप भरला. दवाखान्यातून कोयनेल, हिवतापावरचे कडू औषध, आणले, दिले, ताप उतरेना. ती रात्रंदिवस कण्हे, डोके इकडून तिकडे करी, हात लावू देत नसे. पोट म्हणून पोटावर लेप घातले, दात म्हणून हिरड्या चोळल्या. सातव्या दिवशी पत्नी म्हणाली, "अहो, तिला काय होतंय ते एकीलाच कळेल. तिला घेऊन या."

"ती कोठे असेल कोणास ठाऊक."

"मला ठाऊक आहे. सूर्यमाळच्या वाटेवर, भावाकडे. तुम्ही काढलंत, मी नव्हतं काढलं."

मी पहाटे निघालो. पावसामुळे गाडी जाण्यासारखी नव्हती. ओढे उतरत, थांबत, संस्थानची हद्द ओलांडून संध्याकाळी मोखाड्यास पोहोचलो. एका परिचिताच्या ओसरीवर पडलो आणि उजाडताच डोंगर चढू लागलो. उतारावर नागलीची आवणी चालली होती. रोपे लावीत बायकांची रांग वाकून मागे मागे सरकत होती. माझे धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते.

रांगेतली एक म्हणाली, "बघ गं, मास्तर चिखलात उतरला! शाळा हितंच भरवतो का काय?"

"मंग तुझं नाव पहिलं घालू," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

आमची बाई हसली नाही. तिने कंबर सरळ केली. "पोर कसं हाय?"

"ताप आहे. नववा दिवस. काय दुखते ते कळत नाही."

"तुला हाक मारतं का?"

"ती हाक कशी मारणार? तिला बोलता येत नाही."

"मारायचं ना. रोज सांजचं." तिने चिखलाची दोन बोटे तळव्यावर मारली, पट्‌पट्. "हा तू. छडी वाजवत येतो तो. आईची खूण नाकाला, नथीची. माझी डोक्याला, हंड्याची. अन् ही तुझी. तुला ठावं नव्हतं?"

तिच्या हातात उपटलेल्या रोपांची जुडी होती, ती वाळू नये म्हणून लावून संपवली. मग बांधावरच्या पाण्यात पाय धुतले आणि माझ्यापुढे चालू लागली. तो उतार आणि ती वाट मला आजही पावलागणिक आठवते.

घरी पोहोचताच ती मुलीजवळ बसली. मुलीने डोळे उघडले, तिचे बोट धरले आणि आपल्या उजव्या कानामागे नेऊन ठेवले.

"कान," बाई म्हणाली. "लई आत."

आम्ही हिरड्या चोळीत होतो तिथून दोन बोटांच्या अंतरावर दुखणे होते. शेक दिला. तिसऱ्या दिवशी कान फुटला, पू वाहिला आणि ताप उतरू लागला. मुलगी वाचली. त्या कानाने तिला पुढे कमी ऐकू येत असे.

ताप उतरला त्या संध्याकाळी पत्नीला बसल्या जागी झोप लागली होती. बाई चुलीपाशी होती. मुलगी जागी होऊन तांब्याकडे पाहत होती. मी फुलपात्रात पाणी ओतले आणि तिच्या ओठांशी नेले.

ती प्यायली नाही. तिने ओठ जुळवले. जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. हनुवटी थरथरू लागली. काय चालले आहे ते समजायला मला वेळ लागला. ती माझ्या हातचे पाणी घेण्याआधी शब्द शोधीत होती. नियम मी कधी मागे घेतलाच नव्हता. तो संपला असे तिला कोणी सांगितले नव्हते.

"राहू दे," मी म्हणालो. "म्हणू नको. पी."

तिने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा प्रयत्न सुरू केला. बारा-तेरा दिवसांच्या तापाने तिच्या अंगात उठण्याचे बळ नव्हते.

"भांडं खाली ठेव, मास्तर," चुलीकडून बाई म्हणाली. "अन् तिकडं बघ."

मी फुलपात्र तिच्या हाताशी ठेवले आणि भिंतीकडे तोंड केले. थोड्या वेळाने घोट घेतल्याचा आवाज आला.

शाळेतला नियम मी दुसऱ्याच दिवशी बंद केला. कारण सांगितले नाही. मुले सवयीने काही दिवस उभी राहून वाक्य म्हणत राहिली.

बाई आमच्याकडे पुढे चार वर्षे राहिली. मुलीच्या खुणा मी तिच्याकडून शिकलो. पाठांतर मला जमते. एकदा मी मुलीसमोर उभा राहून दोन बोटे तळव्यावर मारून दाखवली. तिने माझ्या हाताकडे पाहिले आणि ती आत गेली. आईला माझ्याविषयी काही सांगायचे असले की ती माझे पागोटे टांगायच्या खुंटीकडे बोट करी. आता इतरांना सांगतानाही तसेच करते.

संस्थान गेले. पत्नी गेली. मुलगी आता चाळिशीच्या पुढे आहे आणि घर तीच चालवते. नवव्या वर्षी "आई" शब्द आला, नंतर आणखी काही थोडे. परक्याला ते कळत नाहीत. पाणी हा शब्द त्यात नाही. त्याची गरज नाही, हे मी तिला किती वेळा सांगितले याची गणती नाही. ती मान डोलावते. तिला सर्व समजते. तरी माझ्या हातात भांडे दिसले की तिचे ओठ हलू लागतात.

उन्हाळ्यात ती बाजारातून तापून येते. मी तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवतो आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो.