नोव्हायमध्ये ऐकलेला ब्रुनाल्दी

डेट्रॉइटच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या माणसानं माझ्या पिशवीतून दोन काळ्या तबकड्या बाहेर काढल्या.

"या वाजवायचं यंत्र कुठंय?"

"नाही."

"मग आणल्या कशाला?"

"एक भांडण संपवायचंय."

तो हसला. त्याला गंमत वाटली. मी गंमत करत नव्हतो.

२००५ चा उन्हाळा. लेक अश्विनी आणि जावई निखिल डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला राहतात. निखिल मोटारींच्या कंपनीत इंजिनियर आहे. मी आणि बायको पोहोचलो तेव्हा माझे व्याही नानासाहेब तिथं आधीच येऊन बसले होते. ते पुण्यात प्राध्यापक होते आणि रेकॉर्ड ऐकणाऱ्या आमच्या श्रवणमंडळाचे अध्यक्ष आहेत. मी जुन्या बाजारात फाटक्या पोत्यावर रेडिओचे सुटे भाग विकत वर आलेला माणूस. आज माझी दुकानं आहेत, पण मंडळात मला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली ती व्याही झाल्यावर.

तिथं मी एकदा ब्रुनाल्दी ऐकवला. ओरेस्ते ब्रुनाल्दी हा इटलीचा संगीतकार, रॉक ऑपेरा (गिटार-ड्रमच्या साथीनं गायचं अखंड संगीत नाटक) लिहिणारा. त्याची 'घंटा ओतणारा' ही जोड-रेकॉर्ड मला भंगारात मिळाली होती, वेष्टन नाही, पुस्तिका नाही. भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, तरी ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. मंडळात ती संपली आणि नानासाहेब उठून म्हणाले, "शब्दकोश घेऊन मी अर्थ लावलाय. नायक घर सोडतो, मरतो, मग त्याचं लग्न होतं आणि शेवटी तो लढाईत सापडतो. गुलाबराव, भंगारात भंगारच मिळतं हो." सगळं सभागृह हसलं. लेकीच्या सासऱ्यांना काय बोलणार? गिळलं. पण पचलं नाही.

पुण्यात मी विषय काढला की त्यांना काहीतरी काम आठवायचं. नोव्हायमध्ये मात्र गाडी चालवता न येणारा म्हातारा माणूस जाणार कुठे? रस्त्याला माणूस दिसत नाही, दुकान चालत जाण्याच्या अंतरावर नाही. माणसाला बसवून ऐकवायला याहून चांगलं गाव नाही. कमी होतं ते फक्त यंत्र.

पुढच्या शनिवार-रविवारी निखिलनं आम्हाला शिकागोला नेलं. दोन्ही बाजूंना पसरलेली सपाट शेतं, मक्याची, संपतच नाहीत. तिथल्या देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर उतरलो तेव्हा हिंगाचा आणि तळणाचा वास आला आणि बायको म्हणाली, "अहो, हे तर घरच आहे!" साड्या, मिठाई, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या, सगळं होतं. एका कॅसेटवाल्या गुजराथी काकांकडे रेकॉर्ड प्लेयर मागितला, तर त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "काका, आता लोक खिशात गाणी ठेवतात. तुम्ही कुठून आलात?" मी जिलेबी खाल्ली आणि राग गिळला.

यंत्र मिळालं ते घराजवळच, एका गराज सेलमध्ये (घरातल्या जुन्या वस्तू अंगणात मांडून विकायची इथली रीत). बाळाच्या पाळण्याशेजारी लाकडी पेटीतला जाडजूड रेकॉर्ड प्लेयर ठेवला होता. मालक सॅल नावाचा साठीतला इटालियन-अमेरिकन, डोक्यावर बेसबॉलची टोपी. पेटीवर किमतीची चिठ्ठी. मी निम्मी किंमत सांगितली. त्यानं बोट चिठ्ठीवर ठेवलं. मी माझं हुकमी अस्त्र काढलं: पाठ फिरवून सावकाश चालू लागलो. जुन्या बाजारात चार पावलांत हाक येते. मी गाडीपर्यंत पोहोचलो. दार उघडलं. आत बसलो. पट्टाही लावला.

"बाबा, इथं कोणी मागून हाक मारत नाही," निखिल म्हणाला. "आता काय, निघायचं?"

"गप बस."

सॅलकडे पाहिलं, तर तो दुसऱ्या बाईला तीच पेटी दाखवत होता! मी धावत परत गेलो. चालते की नाही बघू, म्हणून गाडीतून रेकॉर्ड आणवली (ती पिशवी मी घरी कधीच ठेवत नव्हतो). लेबल पाहताच सॅलनं टोपी काढली.

"ब्रुनाल्दी! तुला हा कुठे भेटला?"

मग त्यानं त्या बाईला नाही म्हणून सांगितलं आणि मला खुर्ची दिली. ब्रुनाल्दी आधी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, हे मला त्याच्याकडून कळलं. पुढं त्यानं नाचाची गाणी रेकॉर्ड केली, ती खपली. मग जमवलेले सगळे पैसे या ऑपेरात घातले, तो पडला. सोबतचे वादक सोडून गेले, तेव्हा त्यानं इथल्या इटालियन वस्तीतल्या चर्चच्या सभागृहात एकट्यानं पियानोवर अख्खा ऑपेरा गायला. सॅल तेव्हा तरुण होता, मागच्या बाकावर. "नंतर तो लहान मुलांची गाणी आणि साबणाच्या जाहिराती करत राहिला," सॅल म्हणाला, "पण त्या दिवशी तो राजा होता."

पेटी त्यानं निम्म्या किमतीत दिली. वर एक सल्ला दिला, "दोन्ही तबकड्या एकदम लाव आणि हात लावू नकोस." हे यंत्र चेंजर होतं. मधल्या उंच दांडीवर तबकड्या रचायच्या, एक वाजून झाली की दुसरी आपोआप तिच्यावर पडते. आमच्या मंडळात हे पाप. एका वेळी एकच तबकडी, कडेनं धरून, पुसून, एक बाजू संपली की उलटायची. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, आळशी लोक!

पुढच्या रविवारी दुपारी अश्विनीनं साबुदाण्याची खिचडी केली. नानासाहेब सोफ्यात सापडले होते. मी तबकडी पुसायला घेतली.

"काय गुलाबराव, मेलेल्याचं लग्न पुन्हा लावणार?" मग पेटीकडे पाहून, "आणि यावर? रेकॉर्डवर रेकॉर्ड आपटणारं हे रानटी यंत्र! निदान एकेक तरी लावा."

माझं डोकं फिरलं. एकेक लावणारच होतो, पण ते म्हणाले म्हणून दोन्ही दांडीवर चढवल्या. "आपटू दे! रेकॉर्ड माझी आहे!"

"बाबा, हळू," अश्विनी म्हणाली.

या तबकड्यांना आकडे नाहीत, चित्रं आहेत. पहिलीवर एका बाजूला कोंबडा, दुसऱ्या बाजूला घुबड. दुसरीवर सूर्य आणि दिवा. आम्ही नेहमी कोंबडा, घुबड, सूर्य, दिवा असं ऐकायचो. दुसरा क्रम असू शकतो असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

कोंबडा वाजला. पोरगा घर सोडतो. काटा बाजूला झाला, खट्ट आवाज झाला आणि घुबडाऐवजी सूर्य सुरू झाला. लग्नाचं नाचरं गाणं! तबकडी उलटायला उठलेला मी तसाच उभा राहिलो.

कोंबडा म्हणजे सकाळ. सूर्य म्हणजे दुपार. मग दिवा, संध्याकाळ. मग घुबड, रात्र.

"चुकलं तुमचं यंत्र," नानासाहेब म्हणाले. "थांबवा ते."

"पेटीला हात लावायचा नाही!"

सूर्य संपल्यावर मी दोन्ही तबकड्या एकदम उलटवून चढवल्या. आधी दिवा पडला: लढाई, घंटा वितळवून तोफा ओतल्या जातात. मग घुबड. तोच पोरगा, आता म्हातारा घंटा ओतणारा, मरतो, आणि कोंबड्याच्या बाजूला पोरानं गायलेली ती साधी धून सगळा वाद्यमेळ मिळून वाजवतो. आजवर ती धून मला नुसती पुन्हा आलेली वाटायची. आता ती घरी परतली होती. ही रेकॉर्ड या यंत्रासाठीच छापली होती आणि आम्ही चोखंदळ मंडळी ती वर्षानुवर्षं एकेक करून बिघडवत होतो.

खिचडी गार झाली होती. निखिल म्हणाला, "नाना, लग्न आधीच होतं हो."

नानासाहेबांनी चष्मा पुसला. "चुकलो," ते म्हणाले.

"इथं नाही. त्याच सभागृहात, त्याच खुर्चीवरून."

"मग 'आपण दोघं चुकलो' म्हणेन. तुम्हीही उलटंच ऐकत होता."

"उलटं ऐकूनही ते मोठं आहे हे मला कळलं होतं. तुम्हाला कळलं नाही. 'मी चुकलो.' एकवचन."

"'मंडळाची चूक झाली'?"

"एकवचन, नानासाहेब."

अश्विनी तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावून हसत होती. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी 'मी चुकलो, गुलाबरावांचा कान खरा' यावर सौदा पटला. मी जिंकलो होतो. त्या रात्री अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

पेटी विमानातून पुण्याला आणली. मंडळात तुडुंब गर्दी होती. ऑपेरा संपला आणि टाळ्या थांबेनात. नानासाहेब उठले, ठरलेलं वाक्य शब्दन्‌शब्द बोलले. मी ऐटीत मागं रेललो. पण ते बसले नाहीत.

"आणखी एक. मी टिंगल केली त्या दिवशीही मला हे संगीत आवडलं होतं. ते भंगारातून आलं म्हणून मला तसं म्हणवलं नाही."

ते येऊन माझ्या शेजारी बसले. प्रवासानं मला अमेरिका दाखवली, यंत्र दिलं, विजयही दिला, आणि ते सगळं मी भांडून घेतलं. हे शेवटचं वाक्य मात्र सौद्यात नव्हतं. आयुष्यभर मी ठरल्यापेक्षा जास्त उकळलं, पण ठरल्यापेक्षा जास्त कुणी आपणहून दिलं तर काय करायचं, हे मला कोणत्याच बाजारानं शिकवलं नव्हतं. मी सरकून त्यांना खुर्चीचा हात टेकायला मोकळा करून दिला.