झिंग्यांचा अभिषेक

"सब मर रहे! अजी उमेदवार, इधर आव! सब के सब मर रहे!"

तहसीलदारसाहेब पहाटे असे ओरडले की कळंबच्या बाजारातल्या बैलांनी तोंडातली वैरण टाकली. मला वाटलं, साहेबांचा अख्खा कबिलाच गेला. अंगरखा उलटा घालून बंगल्यावर धावलो. पाहतो तर काचेच्या हौदातले झिंगे पाण्याच्या वर येऊन लोंबकळत होते आणि चार-पाच उताणे पडले होते.

उमेदवार म्हणजे बिनपगारी कारकून. निजामाच्या त्या कचेरीत तीन वर्षं मी फुकट नकला उतरवत होतो. घरी बायको, दोन पोरं आणि सासऱ्याचे टोमणे. कायम होण्याचा हुकूम लिहून तयार होता, फक्त सही राहिली होती. पण जिल्ह्याचे बडे साहेब दौऱ्यावर यायचे होते, त्यांना असल्या गोष्टींचा भारी शौक, म्हणून आमच्या साहेबांनी हैदराबादेहून गवतात गुंडाळून तो हौद आणवला. त्यात मांजरा नदीची वाळू, नदीचंच हिरवं शेवाळ आणि झिंगे सोडले. मला म्हणाले, "ये जिंदा रहे तो तुम कायम."

दुपारी त्या हौदाकडे पाहावं तर शेवाळाच्या पानापानावर हवेचे मणी चमकायचे आणि झिंगे जहागीरदारासारखे मिशा हलवत हिंडायचे. पहाटे मात्र रोज मयत. साहेबांनी हिशोब लावला: हवा कमी पडते, हवा पाला देतो, तर पाला वाढवा. तसा लेखी हुकूमच निघाला, उर्दूत, शिक्क्यासकट. मी हुकमाचा ताबेदार. इतकं शेवाळ कोंबलं की खिडकीशी दोन शेळ्या येऊन उभ्या राहिल्या आणि हलायला तयार होईनात. दुसऱ्या दिवशी पहाटे निम्मे झिंगे गेले. हुकमाची तामील मात्र पूर्ण झाली होती.

बाजारात झिंगे विकणारी भोयाची एक म्हातारी होती. तिच्यापुढं जाऊन बसलो.

"मावशी, पाला वाढवला तरी मरतात गं."

"वाढवला म्हणूनच मरत्यात. रातच्याला चिंचंखाली निजतूस का रं तू?"

"न्हाय. आई निजू द्यायची न्हाय."

"मग झिंग्यांला का निजवतूस? ऊन हाय तवर झाड हवा सोडतंय. रातीला त्येबी वढून घेतंय, झिंगं बी वढत्यात. नदीत पानी खळखळतंय, म्हून भागतंय. तुज्या डबक्यात काय खळखळतंय, तुजं डोस्कं?"

कचेरीतल्या सगळ्या शिक्क्यांपेक्षा म्हातारीचं डोकं जड निघालं. निम्मं शेवाळ मी गुपचूप उपसून शेळ्यांना घातलं. राहिली खळखळ. ती कुठून आणायची? विचार करत महादेवाच्या देवळात टेकलो, तर समोर पिंडीवर टांगलेली गळती, बुडाला भोक असलेलं मडकं, टपटपत होती. गुरवाला म्हणालो, "मामा, एक जुनं मडकं द्या, बुडाला भोक पाडलेलं."

"कुणाला अभिषेक?"

"झिंग्यांना."

"लघुरुद्र का एकादष्णी?" एवढंच विचारून त्यानं मडकं दिलं. माणूस धंद्याचा पक्का.

मडकं हौदावर पुरुषभर उंच टांगलं. हौदातलंच पाणी तांब्यानं काढून त्यात ओतायचं, आणि ते रात्रभर टप्, टप् पाण्यावर पडून लाटा उठवायच्या. मडकं दर घटकेला रितं व्हायचं. मी हौदाशेजारी घोंगडी टाकली. पाणी भरता भरता माझी झोप इतकी पातळ झाली की मुंगी शिंकली तरी जाग यायची. पण पहाटे एकही झिंगा वर आला न्हाय. उलट ते इतके माजले की तांब्या दिसला की सलाम ठोकत.

बडे साहेब आले, रात्री बंगल्यावरच राहिले आणि पहाटेच चहा विसरून हौदापुढं बसले. "वाह! पहाटेसुद्धा इतके ताजे?" आमच्या साहेबांनी मोठ्या मनानं माझ्याकडं बोट दाखवलं. बड्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. जन्माचं सार्थक झालं.

त्यांची मोटार गेली. धुरळा खाली बसायच्या आत मी हात जोडून म्हणालो, "साहेब, तेवढी माझ्या हुकमावर सही?"

साहेबांनी झिंग्यांवरची नजर काढली न्हाय.

"तुमकू कायम किया तो तुम कचेरी में बैठते. फिर मटका कौन भरेगा?"